विहारयात्रा आणि धर्मयात्रा

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा इतिहास देण्याची जी रीत पडून गेली आहे, तींत देवळाची बांधणी, धर्मगुरूंची नामावळी, शाळेची स्थापना आणि निरनिराळ्या मंडळांचें कार्य हे विषय ठरलेले असतात. ते योग्यच आहेत. परंतु धर्मग्रामाच्या आयुष्यांतील एक गोष्ट या नोंदींतून बहुधा निसटून जाते, ती म्हणजे सहल. सणानंतरचा रविवार असो, मे महिन्याची सुटी असो किंवा प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेल्या मुलांचें कौतुक असो, पहांटे देवळापुढें मंडळी जमतात, शिदोऱ्या बांधलेल्या असतात, आणि दिवेलागणीपर्यंत परत येण्याच्या बोलीवर सर्वजण निघतात. या सहलींविषयीं सहसा कोणी लिहीत नाहीं, कारण त्या करमणुकीच्या सदरांत मोडतात असा समज आहे. आमचें म्हणणें असें कीं, वसईच्या ख्रिस्ती माणसाला एका दिवसाच्या टप्प्यांत जितका इतिहास पाहतां येतो तितका फार थोड्यांच्या वांट्यास येतो. आणि तो इतिहास कसा पाहावा, हा प्रश्न करमणुकीचा नसून अंतःकरणाचा आहे.

आपल्या तालुक्यांत सांपडलेल्या लेखांपैकीं सर्वांत प्राचीन लेख नेमका सहलींविषयींच आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. इसवी सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपारें येथें संशोधन केलें, त्या वेळीं सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा उजेडांत आला. इसवी सनापूर्वींच्या तिसऱ्या शतकांतील हा लेख. सोपाऱ्यास जरी तुकडाच मिळाला, तरी अन्यत्र कोरलेल्या प्रतींवरून त्याचा सबंध मजकूर विद्वानांनीं लावला आहे. त्याचा आशय असा: पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, म्हणजे मृगया आणि तशाच प्रकारची करमणूक करीत, अशोकानें मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनीं बोधिस्थानाची वाट धरली आणि तेव्हांपासून धर्मयात्रेचा प्रघात पाडला. या धर्मयात्रेंत साधुजनांस भेटून दान द्यावयाचें, वृद्धांचें दर्शन घेऊन त्यांस साहाय्य करावयाचें, आणि खेड्यापाड्यांतील लोकांशीं धर्माविषयीं बोलावयाचें, असा क्रम असे. आणि अशा यात्रेचें सुख दुसऱ्या कोणत्याहि सुखाहून मोठें, असा राजाचा अभिप्राय आहे. पुढें १९५६ सालीं आपल्याच भुईगांवीं अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आजारांत, लग्नकार्यांत, मूल जन्मल्यावर आणि प्रवासास निघतांना लोक नाना तऱ्हेचे विधि करतात, परंतु त्यांचें फळ अल्प. नोकराचाकरांशीं नीट वागणें, वडील माणसांचा मान राखणें आणि प्राणिमात्रांवर दया करणें हेंच खरें मंगल, असें त्यांत प्रतिपादन आहे.

हा राजा आपल्या धर्माचा नव्हता, तर प्रभू येशूच्या जन्मापूर्वीं अडीचशें वर्षे होऊन गेलेला बौद्ध उपासक होता. परंतु अन्य धर्मांत जें सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर करूं नये, ही शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं सर्व ख्रिस्तसभेस दिली आहे. म्हणून विहारयात्रा आणि धर्मयात्रा हा भेद त्याच्यापासून उसना घेण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. आपल्या सहली यांपैकीं कोणत्या, हें आपल्या आसपासचीं कांहीं स्थळें समोर ठेवून पाहूं.

पहिलें स्थळ सोपारेंच घेऊं. प्राचीन ग्रंथांतून शूर्पारक या नांवानें गाजलेलें हें बंदर. तेथील स्तूपाच्या टेकाडास लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ सालीं तो स्तूप उकरला तेव्हां मध्यभागीं एक वाटोळी दगडी पेटी निघाली. तिच्यांत एकांत एक बसविलेल्या डब्या होत्या, तांब्याची, रुप्याची, दगडाची, स्फटिकाची आणि सर्वांच्या आंत सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबींत काय होतें, तर मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! भोंवतीं बुद्धांच्या आठ लहान मूर्ति मांडलेल्या होत्या. हे अवशेष मुंबईस टाउन हॉलमध्यें एशियाटिक सोसायटीकडे आहेत. ज्यांच्या घरीं संतांचे अवशेष आदरानें जपले जातात, त्या आपल्या लोकांस या दृश्याचा अर्थ सांगावा लागूं नये. एका भिक्षेकऱ्याच्या फुटक्या वाडग्यास सोन्याचें घर देणारीं माणसें या भूमीवर होऊन गेलीं. आपण नालासोपारा स्टेशनावरून रोज गाडीनें जातों येतों. परंतु हा स्तूप ज्यांनीं पाहिला आहे असे ख्रिस्ती गृहस्थ आम्हांस क्वचितच भेटतात.

सोपाऱ्याहून दक्षिणेस खाडीच्या मुखाशीं आलें कीं वसईचा किल्ला लागतो. हा मात्र सर्वांच्या ओळखीचा. किंबहुना इतका ओळखीचा कीं त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानें १५३४ सालच्या डिसेंबरांत वसईचा प्रांत पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला, आणि १५३६ सालीं गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या अमलांत किल्ल्याचें काम सुरू झालें. कोटाच्या आंत हळूहळू एक सबंध नगर उभें राहिलें. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन अशा चारी संघांचे मठ तेथें होते. संत जोसेफांचें मुख्य देऊळ १५४६ चें, त्याची पुनर्बांधणी १६०१ सालीं झाली. त्याचा मनोरा आजहि दुरून दृष्टीस पडतो. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीस १५४४ व १५४८ या सालीं लागले. येशूसंघाचें पवित्र नांवाचें देऊळ आपण आज संत गोन्सालो गार्सिया यांचें म्हणून ओळखतों, आणि फेब्रुवारींत त्यांच्या सणास तेथें जमतों.

या संताचें चरित्र मुलांस सांगावयाचें तर किल्ल्यासारखी दुसरी जागा नाहीं. १५५७ च्या सुमारास वसईंत त्यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीची. येशूसंघीयांच्या हाताखालीं ते शिकले, त्यांच्याबरोबर जपानास गेले, तेथें कांहीं काळ व्यापारांत होते, आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्यानें १५९३ सालीं फिलिपिन्सहून गेलेल्या फ्रान्सिस्कन मंडळींचे ते दुभाषे झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर त्यांनीं रक्तसाक्ष दिली. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. हे धर्मगुरू नव्हते. तें पद त्यांस कधींच मिळालें नाहीं. एका भाषेंतलें दुसऱ्या भाषेंत सांगणें एवढेंच त्यांचें काम, आणि त्याच कामानें त्यांस क्रुसापर्यंत नेलें. दोन घराण्यांच्या आणि दोन भाषांच्या संगमावर जन्मलेल्या वसईकरानें आपल्या मिश्र वारशाची लाज बाळगावयाची कीं त्याचा उपयोग करावयाचा, याचें उत्तर या चरित्रांत आहे.

परंतु किल्ल्यांत गेलेल्या ख्रिस्ती माणसापुढें याहून अवघड प्रश्न उभा राहतो. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टींत मोहीम काढली आणि दोन वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून बुरूज फोडले व वसई सर केली. दोन्ही पक्षांकडील माणसें हजारोंनीं पडलीं. महाराष्ट्राच्या इतिहासांत हा मोठा विजय. शाळेंत आपण तो अभिमानानें शिकतों, आणि चिमाजी आप्पांचें स्मारक किल्ल्याजवळच आहे. देवळांच्या इतिहासांत हाच दिवस वियोगाचा; पोर्तुगीज कुटुंबें निघून गेलीं, मठ ओस पडले, छपरें गेलीं. मग मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसानें या बुरुजापाशीं उभें राहून हर्ष मानावा कीं शोक करावा? कित्येकजण या प्रश्नास भिऊन तो टाळतात. कांहीं घरांत पोर्तुगिजांचा काळ म्हणजे सोन्याचा काळ असें सांगितलें जातें. कांहीं तरुण उलटपक्षीं आपल्या पूर्वजांच्या धर्मांतराचीच लाज वाटून घेतात. आमच्या मतें दोघेहि अर्धेंच पाहतात.

वस्तुस्थिति अशी कीं, तहाच्या अटींनीं पोर्तुगीज शिबंदीस सशस्त्र, वाजतगाजत बाहेर पडूं दिलें, आणि जे ख्रिस्ती मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. आपले पूर्वज ते मागें राहिलेले. गलबतें गेलीं, संघांचे धर्मगुरू गेले, राजाश्रय गेला. परंतु सांडोर, पापडी, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथल्या वाड्यांतून रोझरीची माळ थांबली नाहीं. जो धर्म केवळ तोफांच्या आधारावर उभा असता, तो तोफा गेल्याबरोबर गेला असता. तो गेला नाहीं, हीच १७३९ ची आपल्यापुरती खरी बातमी आहे. आणि ज्या विजेत्यानें धर्माचरणाची मुभा दिली त्याचें नांव आदरानें घेण्यास आपणांस कसलीहि अडचण नसावी.

याच युद्धाची एक खूण पाहावयाची असेल तर पहांटे निघून नाशिकास जावें. गोदावरीच्या कांठीं नारोशंकराचें देऊळ आहे, १७४७ सालचें. त्याच्या कोटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हें साल आहे. घंटा पोर्तुगीज घडणीची. अशा घंटा मराठ्यांनीं विजयचिन्ह म्हणून नेल्या. वांईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांच्या वाड्यालगत कृष्णेच्या घांटावर अशीच एक घंटा आहे. प्रथम दर्शनीं मनास चटका बसतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विचार करतां असें वाटतें कीं घंटेचें काम माणसांस प्रार्थनेची वेळ सांगणें. ती वितळवून तिच्या तोफा ओतल्या नाहींत, देवळाच्याच दारीं टांगली, हेंहि कांहीं थोडें नव्हे.

येथवर आपण ज्या ठिकाणीं गेलों तेथें आपलें कांहीं गेलें होतें. आतां जेथें आपल्या माणसांनीं दुसऱ्याचें घेतलें तेथेंहि गेलें पाहिजे; नाहींतर यात्रा खरी होत नाहीं. बोरिवली आणि दहिसर यांच्या मध्यें मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. फ्रान्सिस्कन येण्यापूर्वीं कित्येक शतकें तीं शिवालय होतीं; नटराजाची भव्य मूर्ति तेथें आजहि आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यांत फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांनीं तें लेणें ताब्यांत घेऊन तेथें मरियामातेचें देऊळ केलें आणि वरच्या खडकावर मठ व मुलांचें विद्यालय उभारलें. मठाच्या भिंती आज उघड्या पडल्या आहेत. लेण्यांत एके ठिकाणीं जुनें शिल्प तासून कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. १७३९ नंतर लेणीं पुन्हां शिवभक्तांकडे गेलीं. आज तें संरक्षित स्थळ आहे, महाशिवरात्रीस तेथें गर्दी लोटते, आणि जवळच निष्कलंक मातेचें देऊळ नांदतें आहे.

त्या तासलेल्या क्रुसापुढें मुलांस नेऊन काय सांगावें, असें एकदोन शिक्षकांनीं आम्हांस विचारलें. आम्ही म्हणालों, खरें तेंच सांगावें. क्रूस हें आपलें परमपवित्र चिन्ह आहे, आणि नेमकें म्हणूनच दुसऱ्याच्या देवालयाची मूर्ति छिलून तो कोरणें ही त्या क्रुसाची सेवा नव्हे. ज्यांनीं तें केलें ते दुष्ट होते असेंहि नव्हे; त्यांनींच अनाथ मुलांस अन्न आणि अक्षर दिलें. माणसाचा उत्साह आणि माणसाचें पाप पुष्कळदां एकाच हातांत असतात. १२ मार्च २००० रोजीं, महाज्युबिलीच्या वर्षांत, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं संत पेत्राच्या महामंदिरांत ख्रिस्तसभेच्या पुत्रांनीं केलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली, आणि अन्य संस्कृति व धर्म यांच्याविरुद्ध झालेल्या अपराधांचा त्यांत स्पष्ट उल्लेख होता. ज्युबिलीचा गाभा क्षमा हाच आहे. ज्या धर्मग्रामानें ज्युबिली साजरी केली पण मंडपेश्वराची पायरी चढून एकदां मान खालीं घातली नाहीं, त्याची ज्युबिली पुरी झाली असें आम्ही म्हणणार नाहीं.

आतां बागांकडे वळूं, कारण सहल म्हटली कीं मुलांस बागच हवी. मुंबईस भायखळ्याची राणीची बाग, आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालीं खुली झाली. म्हणजे गोन्सालो गार्सिया यांस संतपद मिळालें त्याच सालीं. बागेच्या आवारांत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्या बेटास पोर्तुगिजांनीं त्याच्यावरून 'एलिफंटा' नांव दिलें तो हाच. प्राणी पाहून झाल्यावर त्याच्याकडे कोणी वळत नाहीं, आपण वळावें.

याहूनहि जुनी एक बाग मुंबईंत होती. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्यानें होतें आणि तेथें त्याचा बगीचा होता. आंबा, फणस, नारळ, मिरी, हळद यांच्या गुणधर्मांविषयीं त्यानें लिहिलेला ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांतच घारापुरी आणि वसईच्या हद्दींतील लेणीं पाहिल्याचें वर्णन आहे. आपल्या बाजूच्या सहलींचा हा एक अगदीं जुना लेखक म्हणावयास हरकत नाहीं. तो यहुदी वंशांतील नवख्रिस्ती होता. १५६८ सालीं तो वारला, आणि १५८० सालीं गोव्याच्या धर्मन्यायासनानें त्याच्या अस्थि उकरून जाळविल्या. ज्यानें या देशाच्या झाडापाल्याकडे प्रेमानें पाहिलें त्याच्या हाडांसहि आपल्या लोकांनीं मातींत राहूं दिलें नाहीं. बागेच्या सावलींत बसून ही गोष्टहि मोठ्या मुलांस सांगावी.

परंतु बाग पाहण्यासाठीं वसईकरानें मुंबईस जावें, ही काळाचीच थट्टा आहे. वसई हीच मुळीं बाग. विहिरीच्या पाटावर पोसलेल्या केळी, पानवेली, मोगरा, चाफा, जास्वंद, आणि कुंपणाशीं नारळ. पहांटेच्या गाडीनें फुलें आणि पानें मुंबईस पोंचविणाऱ्या मावशी. राजेळी केळीं उन्हांत सुकवून केलेलीं आणि निर्मळच्या जत्रेंत विकलेलीं सुकेळीं. हें सर्व ज्यांनीं पाहिलें ते अद्याप हयात आहेत. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, पण त्याच्या कितीतरी आधींपासून वाड्यांवर इमारती चढूं लागल्या होत्या आणि विहिरींचें पाणी उपसलें जाऊन खारें होऊं लागलें होतें. त्याविरुद्ध हरित वसईच्या चळवळींत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं आपला आवाज लावला; २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें, आणि २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. त्यांचें कार्य अपुरें राहिलें आहे.

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा मूळ कायदा आहे. पन्नासाव्या वर्षीं भूमीस विसांवा द्यावा, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत यावी, कारण जमीन शेवटीं देवाची असून आपण तिच्यावरचे पाहुणे आहों, असें त्यांत तत्त्व आहे. आपल्या ज्युबिलीस मंडप पडतो, रोषणाई होते, पुस्तिका निघते. पण गेल्या ज्युबिलीपासून या ज्युबिलीपर्यंत किती वाड्या गेल्या, याची मोजदाद कोणी करीत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, वर्षांतून एक सहल आपल्याच धर्मग्रामांतील वाड्यांतून पायीं काढावी. मुलांस पानवेल ओळखतां यावी, रहाटाची जागा दाखवावी, आणि ज्या आजोबांनीं विकावयाचें नाकारलें त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचें म्हणणें ऐकावें. वृद्धांचें दर्शन हा धर्मयात्रेचा भाग आहे, हें वर आलेंच आहे.

राहतां राहिला भोजनाचा विषय. तो क्षुल्लक मानूं नये. प्रभूनें आपल्या जनांस जें शेवटचें दान दिलें तें भोजनाच्या मेजावरच. मुंबईच्या सहलीस गेलेल्या आपल्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या इराण्याच्या हॉटेलांत चहा घेतला आहे. १८६४ सालीं आगगाडी सुरू झाली तोंवर मुंबई गांठावयाची तर खाड्या होडीनें ओलांडाव्या लागत. १९३६ सालीं विरारपर्यंत विजेची गाडी आली आणि सकाळीं जाऊन संध्याकाळीं परतणें सोपें झालें. याच काळांत नाक्यानाक्यांवर इराण्यांचीं उपाहारगृहें भरभराटीस आलीं: संगमरवरी मेजें, वांकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांतील बिस्किटें, ब्रून, मस्का आणि घट्ट गोड चहा. धोबीतलावास १९०४ सालचें कयानी आणि बॅलार्ड इस्टेटींत १९२३ सालचें ब्रिटानिया हीं त्यांपैकीं प्रसिद्ध. हे इराणी स्वतः दूर देशांतून पोटासाठीं आलेले, बहुतेक झरथुष्ट्री धर्माचे, कांहीं मुसलमान. ज्या काळीं कित्येक खानावळींत जात विचारून पाट मांडला जाई, त्या काळीं इराण्याच्या मेजावर गिरणी कामगार, कारकून, हमाल, ब्राह्मण, कोळी आणि ख्रिस्ती एकाच रांगेंत बसत. पैसे दिले कीं चहा मिळे, कोण कुठला हें कोणी विचारीत नसे. व्यापाराच्या निमित्तानें का होईना, जें मेज सर्वांस खुलें होतें त्यापासून आपल्या देवळांच्या दारांनींहि कांहीं शिकण्यासारखें आहे. आपल्याहि लोकांत बाकें वाडीपरत्वें आणि समाजपरत्वें वेगळीं बसत, लग्नें अद्याप तशींच जुळतात. हें विसरून इतरांच्या जातिभेदास नांवें ठेवणें शोभत नाहीं.

म्हणून सहल ठरविणाऱ्या मंडळांपुढें आम्ही चार गोष्टी ठेवतों. एक, जातांना घरांत अडकून पडलेल्या एखाद्या वृद्धास किंवा विधवेस बरोबर घ्यावें, आणि तिचा खर्च मंडळानें सोसावा. दोन, ज्या स्थळीं जावयाचें त्याची माहिती आधींच्या रविवारीं कोणीतरी तयार करून सांगावी. भिंतीवर नांवें कोरणें, मद्यपान आणि मागें टाकलेला कचरा हीं अज्ञानाचींच फळें आहेत, आणि किल्ल्यांतील देवळांच्या पडक्या वेदींपाशीं तीं पाहून आम्हांस अतिशय क्लेश होतात. तीन, प्रत्येक स्थळीं एक प्रार्थना करावी, आणि ती सर्व मृतांसाठीं असावी. किल्ल्यावर पडलेल्या मराठ्यांसाठीं आणि फिरंग्यांसाठीं, लेणें कोरणाऱ्या कारागिरांसाठीं, त्या मठांत वाढलेल्या अनाथांसाठीं. चार, परत आल्यावर एकानें चार ओळी लिहून धर्मग्रामाच्या दप्तरांत ठेवाव्या, म्हणजे पुढल्या ज्युबिलीच्या पुस्तिकेस सहलींचा इतिहास मिळेल.

खर्च फारसा नाहीं, अंतर फारसें नाहीं. सोपारें, किल्ला, मंडपेश्वर, राणीची बाग आणि आपलीच वाडी, हीं पांच ठिकाणें एका वर्षाच्या पांच रविवारीं सहज होतात. नाशिकास एखादी सुटी लागेल. त्यांतून मुलांस एवढें जरी कळलें कीं, आपण या भूमीवर उपरे नाहीं आणि एकटेहि नाहीं, तरी त्या दिवसाचें सार्थक झालें. ज्या कृपाळू पित्यानें आपल्या धर्मग्रामास इतकीं वर्षे वाट दाखविली तो पुढील वाटेवरहि आपल्यासंगें चालो, आणि वसईची माता रमेदी आपल्या लेंकरांस सुखरूप घरीं पोंचवो.